बिननावाचा क्रूस

१

बार्बाच्या घरातले दुपारचे काम ठरलेले असे. जेवणाची भांडी विसळून पालथी घालायची, चुलीतल्या माती-गवताच्या ढेपांवर राख ओढून विस्तव झाकायचा, आणि बांधावर जोडीने बांधलेल्या काळ्या मेंढ्यांची खुंटी वाऱ्याच्या आडोशाला हलवायची. वेसां बेटावर झाड नाही. वाऱ्याला अडवणारे जे काही आहे ते दगडाचे आहे आणि माणसाने रचलेले आहे. पुरुष समुद्रावर असतात. शेत, मेंढ्या, म्हातारी माणसे आणि मृत, हे सारे बायकांच्या अंगावर असते.

बार्बाचा नवरा तुदुआल वसंतात एका मालवाहू गलबतावर गेला होता आणि हिवाळ्याच्या तोंडाशी परतायचा होता. त्यात काळजीसारखे काही नव्हते. बेटावरची निम्मी घरे त्याच वाटेकडे डोळे लावून होती.

ती शेवटचा वाडगा पालथा घालीत असताना दारातल्या दगडावर लाकडी बूट ठेवल्याचा आवाज झाला. एकच बूट.

तुदुआलला एक सवय होती. घरात शिरताना तो एक बूट काढून दगडावर ठेवी, मग चौकटीला हात टेकून तसाच उभा राही, आभाळ पाही, वाऱ्याचा वास घेई, आणि मग सावकाश दुसरा बूट काढी. लग्नाच्या पहिल्या वर्षी बार्बा त्याला हसत असे. "दुसरा पाय काय बाहेरच ठेवणार? आत या आता," असे म्हणत असे.

तिचा हात वाडग्यावरच राहिला. दुसऱ्या बुटाचा आवाज आला नाही. तिने जाऊन दार उघडले. दारात कोणी नव्हते. दगड ओला होता. पण सकाळपासून धुके उतरले होते, गावातले सारेच दगड ओले होते. दूर दीपगृहाचा भोंगा धुक्यात हंबरत होता.

शेजारची पेरिन आली असेल आणि काही विसरले म्हणून परतली असेल, असे तिने मनाला सांगितले. पेरिन आणि कातेलमावशी यायची वेळ झालीच होती, आणि चित्रकार तर वेळ कधी चुकवीत नसे. बार्बाने टेबलावर पांढरे कापड अंथरले आणि त्याच्या मधोमध मेणाचा क्रूस ठेवला.

२

चित्रकाराचे नाव दोरव्हाल. तो पॅरिसहून आला होता आणि बंदरावरच्या खानावळीत उतरला होता. उंच, फिकट, बोलायला मऊ असा माणूस. आत्म्याविषयी तो पुष्कळ बोले. रविवारी चर्चमध्ये मात्र तो बाहेरच्या पायऱ्यांपलीकडे कोणाला दिसला नाही.

त्याला प्रोएला रंगवायची होती. समुद्राने नेलेल्या माणसाचा देह बेटाला सहसा परत मिळत नाही. म्हणून देहाच्या जागी बोटभर मेणाचा क्रूस करतात, टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवतात, आणि शेजारणी त्यापाशी रात्र जागवतात. सकाळी पाद्रीबाबा येतात आणि देहाची काढावी तशी त्या क्रुसाची यात्रा चर्चपर्यंत काढतात. तेथल्या पेटीत तो विसावतो, आणि ज्याचा तो असतो तोही विसावतो. या विधीला प्रोएला म्हणतात. मरणाची बातमी मृताचा धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातावर घेणारा, आणतो. दारात उभा राहून तो ठरलेले एकच वाक्य बोलतो. ते वाक्य आपल्या दारात कधी बोलले जाईल या धास्तीतच बेटावरच्या बायका म्हाताऱ्या होतात.

खऱ्या जागरात परक्याला बसू देत नाहीत. म्हणून दोरव्हालने सोंग मागितले. तसेच घर, तसेच टेबल, तशाच बसलेल्या बायका. पुष्कळ घरांनी त्याला दारातूनच वाटेला लावले. बार्बाने लावले नाही. चर्चच्या पायऱ्यांवर तो तिच्याकडे टक लावून पाहत राहिला होता आणि म्हणाला होता, की असे दुःख मावेल असा चेहरा आपण वर्षानुवर्षे शोधीत होतो. बार्बाकडे इतका वेळ कोणी पाहिले नव्हते. तुदुआल चांगला माणूस होता, पण त्याची नजर आभाळाकडे.

लोकांना तिने निराळे कारण सांगितले. आपण आपल्या मृतांना कसे जपतो ते पॅरिसच्या लोकांना दिसेल, हे देवाचेच काम आहे, असे ती म्हणाली. स्वतःला हवे ते देवाच्या नावावर घेणे सोपे असते. देव तेथे भांडायला येत नाही.

कातेलमावशी गावातल्या जागरांत प्रार्थना सांगणारी. ती ऐकताच उसळली.

"सोंगाच्या जागराला मी बसू? माझे दोन दीर त्या पेटीत आहेत, बार्बा!"

"मावशी, तुम्ही नुसते ओठ हलवा. शब्द काढूच नका."

"आणि क्रूस कोणाचा म्हणायचा?"

"कोणाचाच नाही."

पेरिन फिसकन हसली. "बरंय की. कोणाचाच नाही म्हणजे जेवायला तरी यायचा नाही!"

"हस तू. तुझ्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच."

"मावशी, कुलूप लावलं तर गावाला करमेल का? चला हो. त्या बिचाऱ्या पॅरिसच्या मस्यूला जिवंत बाई बघवत नाही, रडकीच हवी. बसू या घटकाभर."

दुकानातल्या मेणाचा क्रूस दोरव्हालला पटला नाही. "हे मेण पांढरंफटक आहे, मादाम. याच्यात कोणी नाही. मला कातडीसारखं पिवळं मेण हवंय."

तसे मेण बेटावर प्रत्येक घरात असते. फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणाला पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिलेली ती मेणबत्ती पलंगाच्या माथ्यावर आडवी ठेवतात. वादळ उठले की ती पेटवायची आणि समुद्रावरच्या आपल्या माणसाचे नाव घ्यायचे. बार्बाने ती खाली काढली आणि सुरीने तिचा तळाकडचा भाग कापला. खालून कापले तर ज्योतीला काय कळणार, असे तिने स्वतःला सांगितले.

३

दोरव्हाल चुलीकडे पाठ करून दाराकडे तोंड करून उभा राही. उजेडासाठी दार सताड उघडे ठेवावे लागे. बार्बा त्याच्या समोर, दाराकडे पाठ करून बसे. एका बाजूला कातेलमावशी, दुसऱ्या बाजूला पेरिन. मध्ये तो पिवळा क्रूस.

"हा चेहरा नाही," पहिल्या दिवशी तो म्हणाला होता. "तुम्ही कंटाळलेल्या दिसता, मादाम. तुमचे पती समुद्रावर आहेत ना? ते परत येणार नाहीत, असं मनात आणा."

बार्बाने ते मनात आणले नाही. पण तो रोज मागत राहिला, मऊ आवाजात, आणि एके दुपारी तिने आणले. प्रथम नुसता रिकामा बाक. मग खुंटीवरची त्याची टोपी, कोणी न उतरवलेली. मग पाणी. तिच्या डोळ्यांना धार लागली.

"हं," दोरव्हाल पुटपुटला. "हलू नका. किती सुंदर."

त्यानंतर ते जड गेले नाही. बाकावर बसताच तिचा चेहरा आपोआप त्या घडीत जाई, इस्त्रीच्या कापडासारखा. परमेश्वराने माणसाला अश्रू मोजकेच दिले आहेत आणि कामासाठी दिले आहेत. ती ते रोज थोडे थोडे त्या परक्या माणसाच्या पुढ्यात सांडीत होती आणि संध्याकाळी हलके मन घेऊन मेंढ्या आणायला जात होती.

ज्या दिवशी तो बूट वाजला, त्याच दुपारची गोष्ट. धुके दारातून आत सरकत होते. कातेलमावशीचे ओठ हलत होते. हलता हलता त्यांतून कुजबुज निघू लागली आणि कुजबुजीचे शब्द झाले. ती खरी प्रार्थना होती. बार्बाला ती पाठ होती. हे प्रभू, समुद्राने तुझ्या हाती दिलेल्या तुझ्या या सेवकाला, असे म्हणून पुढे नाव घ्यायचे असते.

मावशी नावापाशी आली आणि थांबली. तिचे तोंड उघडे राहिले. खोलीत ब्रशाचा आवाज तेवढा होत होता.

त्या रिकाम्या जागेत बार्बाच्या मनाने नाव घेतले. तिने घ्यायचे ठरवले नव्हते. मन त्याच माणसाच्या मरणात गुंतले होते. जीभ घसरावी तसे ते घसरले. तुदुआल.

"देवा रे!" मावशी ताडकन उठली. "माझ्या तोंडातून आली. खरी आली! मी नाही बसणार आता. बार्बा, तो क्रूस उचल टेबलावरून."

"मावशी, अहो, नाव कुठं घेतलंत तुम्ही?"

"मी नाही घेतलं," मावशी म्हणाली, आणि बार्बाकडे पाहत राहिली. मग शाल ओढून निघून गेली.

४

दोरव्हाल रागावला नाही. ब्रश पुशीत तो म्हणाला, "ओठ मला मिळाले आहेत. त्या बाईंची गरज नाही आता. पण तो माणूस उद्या येईल ना?"

"कोण माणूस?" पेरिनने विचारले.

"दारातला. तो रोज येतो तो. मादामचे दीर ना? फार चांगला उभा राहतो. जराही हलत नाही."

पेरिन हसली. "मस्यू, या घरात दीर नाही न् भाऊ नाही. आमच्या बेटावर या दिवसांत उभं राहण्यासारखा पुरुष एकच, तो म्हणजे चर्चमधला दगडाचा संत!"

"मी त्याला पाहून रंगवलं आहे," तो शांतपणे म्हणाला.

"अहो, माझं अर्धं तोंड दाराकडे असतं. मला धुक्याशिवाय काही दिसलं नाही. तुम्ही रात्री खानावळीत काय पिता?"

बार्बा हसली नाही. तिची पाठ अजून दाराकडेच होती. वळून पाहावे असे तिला वाटले आणि आपण वळत नाही हेही तिला कळले. धुक्यात माणसाला काहीही दिसते, असे तिने मनाला सांगितले. चित्रकाराला तर दिसायलाच हवे. तो त्याचा धंदा. शिवाय वाटेवरून जाणारा एखादा म्हातारा उजेड पाहून क्षणभर थबकतही असेल. कारणे पुष्कळ होती. ती तिने सगळी मनात उभी केली, आणि त्यांपैकी एकही दाराच्या दगडावर बूट ठेवू शकत नव्हते.

५

ओल्या वाऱ्यात नेता येत नाही म्हणून चित्र तिच्याच घरी, कापडाखाली झाकलेले असे. कोणी पाहू नये असे दोरव्हालने बजावले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बार्बाने कापड वर केले.

तिची दृष्टी प्रथम स्वतःच्या चेहऱ्यावर गेली. हे लिहून ठेवायला हवे. तो चेहरा सुंदर होता, आणि भिंतीवरच्या घड्याळाची बरीच टिकटिक होईतो ती त्याच्याकडेच पाहत होती.

मग तिने दार पाहिले.

चित्रातल्या दारात धुके होते आणि धुक्यात माणूस होता. उजेड त्याच्या मागून येत असल्यामुळे तोंड काळोखात होते. एका पायात लाकडी बूट, दुसरा पाय अनवाणी, बोटे दगडाला घट्ट धरून असलेली. दगडावर एक बूट ठेवलेला. हात चौकटीला टेकलेला. अंगात काळा विणीचा सदरा, आणि त्याच्या कोपरावर पांढरा ठिपका.

तुदुआल निघाला त्या सकाळी तिने त्याच्या सदऱ्याचे कोपर रफू केले होते. काळी लोकर संपली होती, म्हणून पांढरी वापरली होती. "गलबतावर सगळे हसतील," तो म्हणाला होता. तो सदरा अंगात घालूनच तो गेला.

कोपरावर उजेड पडला की असाच ठिपका दिसतो, असे तिने मनाला सांगितले. ती अगदी जवळ गेली. तो उजेड नव्हता. बारीक उभे आडवे टाके होते, आणि एक टाका चुकलेला होता. तो तिथेच चुकला होता.

टेबलावरची सुरी तिने हातात घेतली. रंग ओला होता. दोन फटकाऱ्यांत सारे खरवडून निघाले असते. सुरीचे टोक तिने त्या सदऱ्यापाशी नेले, आणि तिथे तिचा हात अडला. पुसले तर कोणाला पुसले?

मागे दारातल्या दगडावर बूट ठेवल्याचा आवाज झाला.

ती वळली नाही. सुरी धरून ती उभी राहिली, आणि तिच्या मानेच्या मागच्या बाजूला समुद्राचा गार वास आला. दार तर तिने सकाळपासून उघडलेच नव्हते.

६

"नाव घेतलंस?" पाद्रीबाबांनी विचारले. ते चर्चमागच्या वाफ्यात कोबी काढीत होते. ते काम टाकून त्यांनी तिचे सारे ऐकून घेतले होते.

"मनात घेतलं, बाबा. तोंडानं नाही."

"मनातच घेतात, पोरी. देव तिथंच ऐकतो." त्यांनी हातांची माती झटकली. "मेण आशीर्वादाचं. प्रार्थना खरी. नाव खरं. मग सोंग ते काय राहिलं?"

बार्बाने शालीच्या टोकाने डोळे पुसले.

"रडू नकोस आता. खूप रडून झालंय तुझं. तो क्रूस घेऊन ये. जिवंताचा क्रूस पेटीत ठेवता येत नाही, आणि बिननावाचा आहे असंही आता म्हणता येत नाही. वेदीपाशी ठेवू. तुझा माणूस आला की त्याच्याच हातानं वितळवू. जा, पळ."

ती पळाली. गुडघ्याएवढ्या दगडी बांधांवरून, मेंढ्यांच्या दोऱ्या चुकवीत. वाऱ्याने धुके फाटले होते, समुद्र निळा दिसत होता, आणि ते पाहून ती आणखी जोरात धावू लागली. होड्या निघण्यासारखी हवा झाली होती.

पेरिन दारातच उभी होती. "कुठं होतीस? तुझा मस्यू गेला! हवा उघडली तशी टपालाची बोट घाईनं सुटली. चित्र पेटीत घातलं, मी हात लावला ना. तुला पुष्कळ धन्यवाद सांगितलेत. अगं, अशी काय बघतेस?"

"क्रूस?"

"तोही घेतला त्यानं. चित्राच्या शेजारी भिंतीवर लावणार म्हणे. कोणाचाच नव्हता ना तो? मीच म्हटलं, घेऊन जा."

टेबलावर पांढरे कापड तसेच होते. त्याच्या मधोमध बोटभर लांबीचा, पिवळसर तेलकट डाग होता. बार्बा कड्यापर्यंत धावली. बोट खडकांपलीकडे गेली होती. तिने हाक मारली. कोणाला मारली, ते तिलाही सांगता आले नसते.

७

त्याच आठवड्यात वादळ आले. सकाळीच आभाळ काळे झाले. बार्बाने आखूड झालेली मेणबत्ती पेटवली आणि गुडघे टेकले. पूर्ण मेणबत्ती असती तर पुरली असती की नाही, ते देव जाणे. ही पुरली नाही. वारा छपरावर आपटत असताना ज्योत मेणात बुडाली आणि विझली.

वादळानंतर गुल्वेनकाका आला. तो तुदुआलचा धर्मपिता, थकलेला जुना खलाशी. त्याने टोपी काढली होती. तो उंबऱ्याबाहेरच थांबला, तेव्हाच तिला कळले.

"आज संध्याकाळी तुझ्या घरी प्रोएला आहे, पोरी," तो म्हणाला.

ती चौकट धरून उभी राहिली. "वादळात?"

"नाही गं. त्याच्या आधीच्या धुक्यात. वारासुद्धा नव्हता. दुसरं जहाज येऊन धडकलं."

कोणत्या दिवशी, हे तिने विचारले नाही. पुढेही कधी विचारले नाही.

गुल्वेनकाकाने नवा क्रूस आणला. पांढरे कापड बदलले. शेजारणी जमल्या आणि जागर झाला. कातेलमावशीने शब्द काढले आणि नावाच्या जागी नाव घेतले. बार्बा बाकावर बसली तशी तिचा चेहरा आपोआप त्या घडीत गेला. मान किंचित कललेली, ओठ अर्धवट मिटलेले. तिने तो मोडायचा प्रयत्न केला. आत कुठेतरी हुंदका शोधला. तेथे काही उरले नव्हते.

पहाटे पेरिनने तिचा हात दाबला. "बार्बा, पुरे आता," ती हळूच म्हणाली. "मस्यू नाही इथं. आम्हीच आहोत."

सकाळी पाद्रीबाबा आले. गुल्वेनकाकाने क्रूस कापडात घेतला आणि तो दाराकडे निघाला. त्याचे पाऊल उंबऱ्यावर पडायच्या आधी दारातल्या दगडावर लाकडी बूट ठेवल्याचा आवाज झाला. या वेळी तो सगळ्यांनी ऐकला. पाद्रीबाबांनी छातीवर क्रुसाची खूण केली. कातेलमावशीने डोळे मिटले. सारे जण तसेच उभे राहून दुसऱ्या बुटाची वाट पाहत होते.

तो वाजला नाही. शेवटी यात्रा निघाली आणि नवा क्रूस पेटीत ठेवण्यात आला. पण ज्यावर त्याचे नाव पहिल्यांदा घेतले गेले, तो क्रूस पॅरिसमध्ये कुठल्याशा भिंतीवर आहे. पाद्रीबाबांनी खानावळीतून मिळालेल्या पत्त्यावर पत्रे घातली. उत्तर आले नाही.

बार्बाचे दुपारचे काम अजून तेच आहे. भांडी पालथी घालायची, विस्तव झाकायचा, मेंढ्या हलवायच्या. शेवटचा वाडगा हातात असताना दारातल्या दगडावर एक बूट वाजतो. ती थांबते. त्या आवाजामागोमाग कोणीतरी चौकटीला हात टेकून उभे राहिल्याची शांतता पसरते. आत या, असे म्हणायला ती तोंड उघडते. हाक मारायची तर नाव घ्यावे लागते, आणि नावाच्या जागी येऊन तिचे तोंड तसेच उघडे राहते.